होय-नाहीचा चुंबक

रायपूरच्या तेलीबांध्यात माझी मावशी राहते. तलावाच्या काठाने आता दिव्यांची रांग आहे, खाण्याच्या गाड्या आहेत, आणि रायपूरकर त्या जागेला कौतुकाने मरीन ड्राइव्ह म्हणतात. मावशी लग्न होऊन इथे आली तेव्हा तेलीबांध्याच्या स्टेशनात छोट्या रुळांची गाडी थांबायची. १९०० साली सुरू झालेला रायपूर–धमतरी मार्ग तो. आता त्या रुळांच्या जागी रुंद रस्ता झाला आहे. गेल्या दिवाळीआधी मावशीने कपाट आवरायला काढलं आणि मला हाताशी धरलं. पलंगावर तीन साड्या पसरल्या: माझ्या आजीची येवल्याची पैठणी, भंडाऱ्याकडची करवती काठाची टसर, आणि नागपुरात घेतलेली, मोराच्या पदराची, स्वस्तातली ‘पैठणी’.

“पदर उलटा करून बघ,” मावशी म्हणाली.

आजीच्या पदराचा मोर उलट्या बाजूनेही मोरच होता. नागपूरच्या साडीचा मोर मात्र मागून विस्कटलेला. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत रंगीत धागे मोकळेच ओढत नेलेले, काही मध्येच कापलेले, बोट फिरवलं की नखात अडकणारे.

“ही यंत्राची, एवढं मला कळतं. पण यंत्राला कसं रे कळतं, आत्ता हा धागा वर घ्यायचा आणि तो खाली ठेवायचा? तू इंजिनिअर ना?”

मी तेव्हा “चुंबक असतात, मावशी” एवढंच म्हणून सुटका करून घेतली. उत्तर बरोबर होतं, पण त्यामागे जवळजवळ तीनशे वर्षांची खटपट होती. तिच्या मधोमध एक इटालियन तारमास्तर उभा आहे, आणि त्याची गोष्ट १८५४ च्या आसपासची आहे.

त्या एका वर्षात आपल्या मुलखात काय काय घडलं ते आधी पाहू. तिसऱ्या रघूजी भोसल्यांचा १८५३ च्या डिसेंबरात वारस न ठेवता मृत्यू झाला आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. छत्तीसगड भोसल्यांच्या अमलाखालचं, त्यामुळे रायपूरही ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं. मुंबईत कावसजी दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. दोन वर्षांनी तिची चाकं फिरू लागली आणि मुंबईचा गिरणीयुगात प्रवेश झाला. कंपनीच्या तारखात्याचा प्रमुख ओशॉनेसी याने कलकत्ता ते आग्रा तार ओढली. आणि तिकडे तुरीनमध्ये, सार्डिनियाच्या राज्याच्या तारखात्याचा प्रमुख गाएतानो बोनेल्ली विजेवर नक्षी विणणारा माग लोकांना दाखवत होता. राज्य, गिरणी, तार आणि माग हे चार धागे पुढे एकमेकांत गुंतत गेले.

बोनेल्लीला काय सुचलं हे समजायला मागाची आतली रचना थोडी माहीत हवी. कापड म्हणजे उभे धागे आणि आडवे धागे, ताणा आणि बाणा. ताण्यातले काही धागे वर उचलायचे, काही खाली ठेवायचे, मधल्या फटीतून धोटा पलीकडे फेकायचा, फणीने ठोकायचं, मग पुन्हा दुसरे धागे उचलायचे. साध्या कापडात एक आड एक धागा उचलला की भागतं, त्यासाठी दोन वह्या पुरतात. आपल्या यंत्रमागाच्या गावांत वहीफणी करणारा कामगार ज्या वहीतून एकेक धागा ओवतो, तीच ही वही. पण मोर विणायचा तर प्रत्येक फेरीला धाग्यांचा वेगळाच गट वर यावा लागतो. हजार धागे असतील तर प्रत्येक वेळी हजार प्रश्न: हा वर? होय. तो? नाही.

पैठणीच्या विणकराने हा प्रश्न हातानेच सोडवला. पदरात प्रत्येक रंगाच्या तुकड्यासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे रंगीत धाग्याची छोटी कांडी. विणकर बोटांनी हवे तेवढे धागे उचलतो, तिल्ली पलीकडे घालतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत आणतो. रंग आपली हद्द ओलांडून पलीकडे जातच नाही, म्हणून मागे मोकळा धागा राहत नाही. आजीच्या मोराच्या दोन्ही बाजू सारख्या असण्याचं कारण एवढंच. इथे धागा निवडणारा हात आणि उचलणारा हात एकच आहे, आणि वेळ लागतो तोही त्यामुळेच.

रेशमाचा मोठा व्यापार करणाऱ्या शहरांना तेवढा वेळ परवडेना. तिथे मागावर दुसरा माणूस आला, बहुधा पोरगाच. मागाच्या वर किंवा बाजूला बसून तो ठरलेल्या क्रमाने दोऱ्यांचे जुडगे ओढायचा आणि खाली विणकर धोटा मारायचा. पोराची चूक झाली की मोराची मान मोडायची. फ्रान्समधल्या लिओंमध्ये १७२५ साली बासिल बुशों याने ही चूक टाळायची युक्ती काढली. त्याचे वडील ऑर्गनवाद्यं बनवायचे. बुशोंने कागदाच्या पट्टीला भोकं पाडली. सुई भोकातून गेली तर एक उत्तर, कागदावर अडली तर दुसरं. तीन वर्षांनी फाल्कोंने कागदाच्या जागी एकमेकांना शिवलेली पुठ्ठ्याची कार्डं आणली. वोकाँसोंने १७४५ मध्ये आपोआप चालणारा माग बनवला, तो फारसा वापरात आला नाही. अखेर जोसेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये हे सगळे तुकडे जुळवून कामाचं यंत्र उभं केलं.

जाकारच्या यंत्राचं मर्म कार्डात आहे असं आपण समजतो. खरं मर्म कामाच्या वाटणीत आहे. प्रत्येक धाग्याच्या वर एक उभा हुक असतो. वर-खाली होणारी पाती त्या हुकांना उचलते आणि त्या पातीला पाय किंवा इंजिन रेटतं. कार्ड फक्त सुईला ढकलतं किंवा ढकलत नाही. भोक असेल तर सुई पुढे निघून जाते, हुक पातीवर राहतो आणि वर जातो. भोक नसेल तर सुई मागे सरते, हुक पातीवरून निसटतो आणि खालीच राहतो. धागा उचलायची ताकद पातीची, कुठला उचलायचा हा हुकूम कार्डाचा. ताकद आणि हुकूम पहिल्यांदाच असे सुटे झाले.

पण हुकूम महाग होता. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. लिओंमध्ये १८३९ साली जाकारचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला २४ हजार कार्डं लागली. चार्ल्स बॅबेजने त्या चित्राची प्रत मुद्दाम मिळवून ठेवली होती, कारण आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी त्याला हीच कार्डं वापरायची होती. नक्षी बदलली की कार्डांची जुनी चळत कोठीत जायची आणि नवी कापायला घ्यावी लागायची. पुठ्ठा दमट हवेत फुगतो, कोपरे झिजतात, आणि एक कार्ड उलटं शिवलं गेलं तर चूक कापडावर उमटल्यावरच कळते.

बोनेल्ली रेशमाच्या धंद्यातला नव्हता. तो तारखात्यातला माणूस. बारीकशा प्रवाहाने दूरवरचा काटा हलतो, हे त्याचं रोजचं काम. त्याला दिसलं की कार्डाचं भोक हा शेवटी होय किंवा नाही असा इशाराच आहे, आणि इशारे पाठवायला तार पुरते. मग पुठ्ठे कशाला? त्याने कागदावर कथलाचा पत्रा चिकटवला आणि जिथे वीज जायला नको तिथे रोगणाने नक्षी रंगवली. त्या पत्र्यावर धातूच्या दातांची फणी टेकवली. जो दात उघड्या पत्र्याला लागला त्याच्या मागच्या तारेतून प्रवाह गेला, जो रोगणावर बसला त्याचा तुटला. प्रत्येक दाताच्या पलीकडे एकेक विद्युतचुंबक होता. हे चुंबक बारीक दट्टे धरून ठेवत किंवा सोडत, आणि दट्ट्यांनी एका जाळीदार पट्टीची भोकं उघडत किंवा मिटत. म्हणजे प्रत्येक फेरीसाठी पुठ्ठ्याचं नवं कार्ड नको; एकच पट्टी दर फेरीला विजेने स्वतःचं रूप बदलणार. नक्षीत दुरुस्ती हवी असेल तर कार्ड कापायचं नाही, रोगण खरवडायचं.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी व्याख्यानं होत. १८६० च्या जूनमध्ये त्या मंचावर खुद्द मायकेल फॅरडे बोनेल्लीचा विद्युत माग समजावून सांगायला उभा राहिला. चुंबक आणि वीज यांचं नातं ज्याने उलगडलं, त्यानेच मागावरच्या चुंबकांची ओळख करून दिली. याहून मोठी शिफारस कुठली असणार? तरीही बोनेल्लीचा माग बाजारात चालला नाही. लिओंच्या विणकरांनी पुठ्ठे सोडले नाहीत. विजेवर नक्षी विणण्याची कल्पना पुढे सव्वाशे वर्षं पेटंटांच्या दप्तरात आणि संग्रहालयांत पडून राहिली.

कारण शोधायला फार लांब जायला नको. घरातल्या कपाटाच्या दाराला चुंबक असतो. दार त्याला चिकटलं की उघडायला झटका द्यावा लागतो, पण मधे जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, तोच चुंबक दाराला जेमतेम ओढतो. फट दुप्पट झाली की ओढ जवळपास चौथाई होते, आणि फट दहापट झाली की शंभरावा हिस्सा. लोखंडाला लोखंड भिडलेलं असताना, चुंबकीय दाट्य एक टेस्ला असेल तर एका चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलो वजन तोलण्याइतकी ओढ असते. बोटाच्या टोकाएवढ्या जागेला हे पुष्कळ झालं. पण मागावर धागा वर जायचा तो आठ-दहा सेंटिमीटर, आणि तेवढ्या अंतरावर त्या चुंबकाचं अस्तित्वही जाणवत नाही. त्यामुळे धागा उचलायचं काम चुंबकाला देण्यात अर्थ नाही, आणि बोनेल्लीनेही ते दिलं नव्हतं. जवळ आलेल्या दट्ट्याला धरायचं किंवा सोडायचं, एवढंच त्याने मागितलं. तत्त्वात तो चुकला नव्हता, सामानात अडला होता.

त्याच्याकडे ओल्या बॅटऱ्या होत्या. त्यांची ताकद वापराबरोबर उतरत जाई. कथलाच्या पत्र्यावर घासणाऱ्या दातांपाशी ठिणग्या पडत आणि नक्षीचा कागद झिजत जाई. सगळ्यात छळवादी गोष्ट म्हणजे लोखंडात रेंगाळणारं चुंबकत्व. प्रवाह बंद केला तरी तेव्हाचं लोखंड थोडा वेळ चुंबक राहायचं, म्हणजे ‘नाही’ म्हटल्यावरही दट्टा चिकटलेलाच. तारखात्यात एखादं अक्षर चुकलं तर पुन्हा पाठवता येतं. रेशमात चुकलेला धागा मात्र कापडात कायमचा बसतो. शेकडो चुंबक, प्रत्येक फेरीला शेकडो निर्णय, आणि त्यातला एक चुकला तरी थान बाद! याच्यापुढे जाकारचा मुका पुठ्ठा शहाणा ठरला.

आपल्याकडे वीज मागापर्यंत आली ती वेगळ्याच वाटेने. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच वर्षी सोलापुरात मोरारजी गोकुळदासांची गिरणी उभी राहिली, सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’. १८९० च्या दशकात राजनांदगावला कापडगिरणी आली, तीच पुढे बंगाल नागपूर कॉटन मिल झाली. या सगळ्या वाफेच्या गिरण्या. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि ती आली मोटर होऊन, पट्ट्यांना आणि दांड्यांना फिरवायला. निवडणारी वीज लिओंच्या रस्त्यातच थबकली होती, रेटणारी वीज मात्र दारात आली.

त्याआधीच १९०४ साली इचलकरंजीत, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने, विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज त्या गावात यंत्रमागांची संख्या लाखाच्या घरात आहे आणि रात्री गल्लीतून चाललं तरी भिंतीपलीकडून खटाखट ऐकू येते. पुढे मालेगाव आणि भिवंडी त्याच वाटेने गेली. पण या खटाखटीतला बहुतेक आवाज साध्या कापडाचा, दोन-चार वह्यांचा. नक्षीचा माग म्हणून महाराष्ट्राला ओळख झाली ती सोलापुरात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ती घडवली. सोलापुरी चादरीवरचा मोर, कमळ, चौकटी हे सगळं जाकारच्या यंत्राचं, म्हणजे जॅकार्डचं काम. मागाच्या डोक्यावर कार्डांची माळ लटकलेली, प्रत्येक फेरीला एक कार्ड पुढे सरकतं आणि टक् असा आवाज होतो. ज्या चादरीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या मागे जाकारचा तोच पुठ्ठा होता. इचलकरंजीला दत्ताजीराव कदम यांच्या नावाची वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीची संस्था १९८२ मध्ये सुरू झाली. तिथे दाखल झालेल्या पहिल्या मुलांनीही नक्षीचा हुकूम म्हणजे पुठ्ठ्याची कार्डं, हेच शिकायला घेतलं असणार.

पण त्यापुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, मिलानच्या आंतरराष्ट्रीय यंत्रप्रदर्शनात बोनास या ब्रिटिश कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडलं. बोनेल्लीच्या तुरीनपासून मिलान फार दूर नाही. आगगाडीने तासा-दोन तासांचं अंतर. त्याची कल्पना तेवढं अंतर सव्वाशेहून अधिक वर्षांत चालून आली होती. या यंत्रावर पुठ्ठे नव्हते. नक्षी संगणकाच्या स्मृतीत होती आणि प्रत्येक हुकाशेजारी एक बारीक विद्युतचुंबक बसला होता. पुढे स्विस कंपनी श्टॉयब्लीनेही या दिशेने मोठी मजल मारली.

आता त्या चुंबकाला जरा जवळून पाहू, कारण मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

समजा, मागावर २६८८ हुक आहेत. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमधला हा एक रूढ आकडा आहे, मोठ्या यंत्रांत त्याच्या दुप्पट-चौपटही असतात. माग मिनिटाला ६०० फेऱ्या मारतो असं धरू. एका फेरीला सेकंदाचा दहावा भाग. त्यातलाही बराच वेळ पात्या वर-खाली जाण्यात जातो, चुंबकाच्या वाट्याला सेकंदाचे काही शतांश येतात. तेवढ्यात २६८८ होय-नाही. मिनिटाचा हिशेब केला तर सोळा लाखांच्या वर निर्णय. प्रत्येक चुंबक एक वॅट जरी खात असेल तरी सगळे मिळून अडीच किलोवॅटहून जास्त होतात, म्हणजे मागाच्या डोक्यावर दोन-अडीच इस्त्र्या पेटत्या ठेवल्यासारखं. म्हणून चुंबक लहान हवा, थंड हवा आणि चपळ हवा. या तिन्ही मागण्या एकमेकींशी भांडतात.

लहान करायचा तर तार बारीक घ्यावी लागते, बारीक तारेचा विरोध जास्त आणि ती तापते लवकर. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट. तांब्याचं आणखी एक वैगुण्य: ते तापलं की दर अंशाला त्याचा विरोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. युरोपातल्या २० अंशांच्या दालनात जुळवलेलं वेटोळं आपल्याकडच्या उन्हाळ्यात, बंद शेडमध्ये, स्वतःच्या उष्णतेने ७० अंशांवर गेलं, तर विरोध जवळपास २० टक्क्यांनी वाढतो. व्होल्टेज तेवढंच राहिल्याने प्रवाह घटतो, आणि ओढ प्रवाहाच्या वर्गाने घटत असल्याने ती ३० टक्क्यांनी कमी होते. मिलानमध्ये बिनचूक चालणारा चुंबक मे महिन्यात विदर्भात किंवा रायपुरात धागे सोडू लागला, तर दोष चुंबकाचा नाही, त्याचा हिशेब थंड खोलीत मांडणाऱ्याचा आहे.

यावर आधुनिक कारागिरांनी काढलेला तोडगा बोनेल्लीच्या वाटेवरचाच आहे, फक्त जास्त काटेकोर. चुंबकाने कशालाही ओढून आणायचं नाही. पातीच, मोटरच्या ताकदीवर, हुकाला वर नेते आणि वरच्या टोकाला त्याला चुंबकाच्या अगदी दारात आणून उभं करते. तिथे फट जवळपास शून्य, म्हणून चिमूटभर प्रवाहाने चुंबक घट्ट धरतो. एका रचनेत चुंबक हुकाची लवचीक पट्टीच धरून ठेवतो. दुसऱ्या रचनेत तो एका छोट्या खिटीला आपल्याकडे धरतो. खिटी बाजूला राहिली तर हुक पातीबरोबर खाली जातो, खिटी सुटली तर हुक तिच्यावर अडकून वरच राहतो. खाली दोन हुकांना जोडणारी एक दोरी आणि एवढीशी कप्पी असते. एकही हुक वर अटकला नाही तर एक वर जाताना दुसरा खाली येतो आणि धागा खालीच राहतो; एक वर अटकला की दुसरा वर येताच धागाही वर जातो. धाग्याचं ओझं चुंबकावर कधीच येत नाही.

प्रवाहाचंही असंच काटकसरीचं धोरण आहे. धरायच्या क्षणी क्षणभर जोरदार झटका द्यायचा, आणि भिडलं की प्रवाह उतरवायचा, कारण भिडलेल्याला धरून ठेवायला थोडंच पुरतं. रेंगाळणाऱ्या चुंबकत्वावर दोन उपाय. गाभ्यासाठी मुद्दाम तापवून सावकाश थंड केलेलं मऊ लोखंड किंवा सिलिकॉनचं पोलाद घ्यायचं, ते चुंबकत्व पटकन सोडतं. आणि चुंबक व हुक यांच्यामध्ये चुंबक न होणाऱ्या पदार्थाचा केसाएवढा पापुद्रा ठेवायचा, म्हणजे ‘सोड’ म्हटल्यावर हुक खरंच सुटतो. या पापुद्र्याने थोडी ओढ कमी होते, पण खात्री मिळते, आणि मागावर ओढीपेक्षा खात्री महाग. शेजारच्या वेटोळ्यातून गळणारं चुंबकत्व आपल्या हुकाला भलता हुकूम देऊ नये म्हणून दोघांच्या मधली जागा आणि लोखंडाचा आकार जपून ठरवावा लागतो. शिवाय सुताची लव आहेच, कारखान्यात ती सगळीकडे बसते. फटीत ती शिरली की फट वाढते, आणि फट वाढली की काय होतं ते कपाटाच्या दाराने सांगितलंच आहे. म्हणून वेटोळी प्लॅस्टिकमध्ये बंद करतात आणि काही हुकांचा मिळून एक सुटा ठोकळा करतात. बिघडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, तो काढतो, दुसरा बसवतो, माग पुन्हा सुरू.

बोनेल्लीकडे नसलेल्या गोष्टींची यादी यातून आपोआप तयार होते: मुलामा दिलेली बारीक तार, पटकन विसरणारं पोलाद, साचात ओतलेलं प्लॅस्टिक, प्रवाहाला हजारांश सेकंदात चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर आणि नक्षी लक्षात ठेवणारी चिप. फॅरडेसमोर उभ्या असलेल्या यंत्राला यातलं काहीच मिळण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर चुंबक मागाच्या इतर कोपऱ्यांतही शिरला. हवेच्या झोताने आडवा धागा पलीकडे फेकणाऱ्या एअरजेट मागावर धागा मोजून देणाऱ्या यंत्रात एक छोटी खिळी असते. विद्युतचुंबक ती मागे ओढतो, तेवढ्या वेळात ठरल्या लांबीचा धागा सुटतो, खिळी परत बसते. झोत सोडणाऱ्या झडपाही विद्युतचुंबकाच्याच. धागा वाहून नेते ती दाबाखालची हवा, आणि कधी सुटायचं ते चुंबक ठरवतो. वाटणी तीच, जागा नवी.

हाच चुंबक जेव्हा हातमागाच्या डोक्यावर चढतो, तेव्हा मात्र प्रश्न माणसांचा होतो. कार्डांची माळ काढून छोटं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवायचं, पाती विणकराच्या पायानेच हलवायची, असे प्रयोग आपल्या देशात होत आहेत. विणकराची कार्डं कापायची कटकट जाते, आणि नवा मोर हवा असेल तर नवी फाइल. आता हा हातमाग राहिला का? हातमागाच्या कापडाचं रक्षण करण्यासाठी १९८५ मध्ये केंद्राने आरक्षणाचा कायदा केला. त्यात हातमागाची व्याख्या साधी आहे: यंत्रमाग नसलेला माग. आणि यंत्रमाग म्हणजे वीज किंवा इतर शक्तीवर चालणारा. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उचलणारी आणि रेटणारी ताकद होती, कारण गिरणीने विणकराकडून तीच काढून घेतली होती. पण आजीच्या पैठणीचं मोल विणकराच्या दंडाच्या ताकदीत कधीच नव्हतं. ते निवडण्यात होतं, आणि चुंबकाने नेमकं तेच उचललं आहे.

हे सगळं मी मावशीला यंदा पुन्हा गेलो तेव्हा सांगितलं. तलावाच्या बाजूच्या खिडकीत ती निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. मधेच उठून तिने ती करवती टसर आणली. मोहाडी, आंधळगाव या भंडाऱ्याकडच्या गावांत अशी साडी विणतात. अंगाला टसरचा मातकट सोनेरी रंग आणि दोन्ही काठांना करवतीच्या दातांसारखे गडद त्रिकोण. तीन धोट्यांचं काम, अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन. काठाचा रंग अंगात घुसत नाही आणि अंगाचा काठात. दोन्ही धागे दातांच्या रेषेवर एकमेकांना अडकवून मागे वळतात.

मावशीने काठ उलटा केला. मागे एकही मोकळा धागा नव्हता.

“म्हणजे तुझा चुंबक हे करणार नाही,” ती म्हणाली.

“चुंबक धागा निवडेल, मावशी. पण दाताच्या टोकाशी हे दोन रंग एकमेकांत अडकवायला तीन धोटे थांबावे लागतात, वळावे लागतात. झोताने फेकलेला धागा मध्येच वळत नाही.”

तिने दातांच्या रेषेवरून बोट फिरवलं, साडीची घडी घातली आणि पुन्हा तांदूळ पुढे ओढले. एक खडा उचलून बाजूला टाकत म्हणाली, “यालाही काढ बाबा एखादा चुंबक.”

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. तांदळाचा काळा दाणा ओळखून हवेच्या बारीक फटकाऱ्याने उडवणारी यंत्रं भातगिरण्यांत असतात, छत्तीसगडसारख्या भाताच्या मुलखात तर ती नवी नाहीत, आणि त्यांच्या झडपाही आपल्या जागी बसून हाच होय-नाहीचा खेळ खेळतात. पण मी ते सांगितलं नाही. सूप माझ्याकडे ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर खडे निवडत बसलो.